एक्झिमा, कीलॉइड आणि ब्रेस्ट इम्प्लांट: एका पेशंटची पूर्ण केस

ही केस पेशंटच्या परवानगीने लिहितेय, तिची ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी स्किनची डॉक्टर आहे, इम्प्लांट मी बसवत नाही, पण सर्जरीच्या आधी "स्किनवाल्यांचं मत घेऊन या" म्हणून पाठवलेल्या बायका माझ्याकडे येतात. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच असतं, त्वचारोगाची हिस्ट्री आहे, फिट आहे का कळवा. आता त्वचारोग म्हणजे काय एकच रोग आहे का? एक्झिमावालीला वेगळी भीती, सोरायसिसवालीला वेगळी, कीलॉइडवालीला, म्हणजे जिच्या जखमेचा व्रण फुगून वाढत जातो तिला, तर पूर्णच वेगळी, आणि हिच्याकडे त्यातलं बरंच काही एकाच अंगावर होतं, म्हणून ही केस सविस्तर सांगावीशी वाटली.

वय ३३, माहेर सांगलीकडचं, पुण्यात नोकरी, एक मुलगी, सिझेरियन झालेलं. मुलीला दीड वर्ष अंगावर पाजलं आणि दूध बंद केल्यावर स्तन एकदम रिकामे झाल्यासारखे झाले, त्यातही डावी बाजू उजवीपेक्षा लहान, ब्लाउज शिवताना टेलरला दरवेळी डावीकडे वेगळं पॅड लावायला सांगावं लागायचं. माझ्याकडे येण्याआधी ती दोन सर्जनना भेटली होती. एकांनी स्किनचं ऐकून घेतलं आणि "काही प्रॉब्लेम नाही, होऊन जाईल" म्हणाले, दुसऱ्यांनी दंडावरचं कीलॉइड लांबूनच बघितलं आणि "तुमच्या स्किनला हे झेपणार नाही, विषय सोडा" म्हणाले. दोघांपैकी एकानेही तिला झोपवून, लाईट लावून स्किन तपासली नव्हती. ती मला म्हणाली, "मॅडम, एक हो म्हणतात एक नाही म्हणतात, मी नेमकं कुणाचं ऐकू?" मी म्हटलं, "आत्ता कुणाचंच नको ऐकूस, आधी तुझी स्किन काय सांगतेय ते बघू."

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा केसमध्ये रोगाच्या नावापेक्षा त्या स्किनचा मागचा रेकॉर्ड बघायचा असतो. आजवर जिथे जिथे कापलं, टोचलं, चिकटपट्टी लावली, घाम साचला, तिथे तिथे ती कशी वागली? आणि हा रेकॉर्ड फाईलमध्ये नसतो, अंगावर असतो.

आधी तिची हिस्ट्री. लहानपणापासून कोपराच्या खोबणीत, गुडघ्याच्या मागे आणि मानेवर इसब, म्हणजे अ‍ॅटॉपिक एक्झिमा, जो दमा आणि शिंकांच्या त्रासासोबत एकाच घराण्यात दिसतो. वडिलांना दमा, तिला स्वतःला सकाळी उठल्यावर शिंकांची रांग. दर हिवाळ्यात स्किन फुटायची आणि दर मे महिन्यात घामाने चिडायची. गावाकडे डॉक्टर दर वेळी "सुई" देत होते, ती स्टिरॉइडची असणार, कारण दोन दिवसांत लख्ख आणि तीन आठवड्यांत पुन्हा दुप्पट. पुण्यात आल्यावर केमिस्टकडून कुठलीतरी तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं, स्टिरॉइड अधिक अँटिबायोटिक अधिक फंगसचं औषध. ह्या स्टिरॉइड मलमांवर २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून, तरी ती अजूनही मिळतात आणि ब्लाउजच्या आत, ब्राच्या पट्ट्याखाली, जिथे कुणाला दाखवायची लाज वाटते तिथेच सगळ्यात जास्त चोळली जातात.

मग तिला तपासलं. डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीची खूण होती ती मोठी शेंगदाण्याएवढी, गुलाबी, कडक, मूळ खुणेच्या बाहेर पसरलेली, आणि ती म्हणाली पावसाळ्यात टोचतं, खाजतं. हे कीलॉइड. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो, कीलॉइड हद्द ओलांडतं. पण मी तेवढ्यावर थांबले नाही, कारण दंडाचा वरचा भाग, खांदे, छातीचं मधलं हाड, पाठीचा वरचा भाग आणि कानाची पाळी ह्या मुळातच कीलॉइडच्या लाडक्या जागा आहेत, तिथे ज्यांना कधीच काही होत नाही त्यांनाही होतं. म्हणून कान बघितले. लहानपणी टोचलेले दोन्ही कान साफ. कॉलेजमध्ये कानाच्या वरच्या कुर्चेत केलेलं पिअर्सिंग, तिथे मात्र एक छोटी गाठ. छातीच्या मधोमध दोन जुन्या मुरमांच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे कडक उंचवटे. आणि शेवटी सिझेरियनचा टाका बघितला, मला खरं तर त्याच्यातच सगळ्यात जास्त इंटरेस्ट होता, कारण ती सर्जनने कापलेली, थरांनी शिवलेली आणि पोटाच्या सैल स्किनवरची जखम होती. बोट फिरवलं तर जवळजवळ सपाट, फक्त उजव्या टोकाला एक बोटभर जागा जाड.

म्हणजे चित्र असं होतं: हाडावर आणि ताणाखाली असलेल्या जागी हिची स्किन वाईट वागते, सैल जागी बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागते. स्तनाच्या खालच्या घडीत जो टाका घेतात तो सैल भागात येतो, पण त्याचं आतलं टोक छातीच्या हाडाकडे सरकलं तर आपण धोक्याच्या भागात शिरतो. ही एक गोष्ट सर्जनला पत्रात ठळक लिहायची ठरली.

आता ज्या गोष्टीमुळे सर्जरीचं बोलणं लगेच बाजूला ठेवावं लागलं ती. डाव्या निपलवर आणि भोवतालच्या काळ्या भागावर ओलसर, खपल्या धरलेला, लालसर चट्टा होता. ती म्हणाली, "तो माझा नेहमीचाच एक्झिमा आहे मॅडम, पाजताना दोन्ही बाजूंना व्हायचा." बरोबर आहे, एक्झिमावाल्यांना निपलवर होतो, बहुतेक वेळा दोन्हीकडे होतो आणि औषधाने जातो. पण हा काही महिन्यांपासून एकाच बाजूला होता. एकाच निपलवरचा, नीट औषध देऊनही न जाणारा "एक्झिमा" असला की पॅजेट डिसीज नाही ना हे बघावंच लागतं, हा निपलवर दिसणारा कॅन्सरचा प्रकार आहे आणि दिसायला हुबेहूब एक्झिमासारखा असतो. तिचं वय कमी, शक्यता कमी, सगळं मान्य, पण ज्या स्तनात आपण इम्प्लांट घालायचा विचार करतोय त्यावरचा न सुटलेला चट्टा तसाच ठेवून पुढे जायचं हे मला पटत नव्हतं. दोन आठवडे नीट मलम दिलं, अर्धवट उतरला. मग सोनोग्राफी आणि चट्ट्याची छोटी पंच बायोप्सी, म्हणजे स्किनचा बारीक तुकडा काढून तपासणं. ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिच्यासाठी फार वाईट गेले, आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं होतं आणि तो बिचारा रोज मला मेसेज करून रिपोर्ट आला का विचारत होता. रिपोर्ट साध्या एक्झिमाचा आला, सोनोग्राफी पण स्वच्छ. नंतर कळलं की त्या बाजूच्या ब्राचं जाड पॅड, जे ती उंची सारखी दिसावी म्हणून घालायची, ते सिंथेटिक होतं आणि दिवसभर तिथेच घासत होतं. पॅड बदललं, औषध पूर्ण केलं, चट्टा गेला.

वाचणाऱ्या कुणाला एकाच बाजूच्या निपलवर असा चट्टा असेल आणि आठवडेच्या आठवडे ट्यूब लावणं चालू असेल तर प्लीज दाखवून घ्या. इम्प्लांट करायचं असो वा नसो.

दुसरी अडचण स्तनाखालच्या घडीत. तिथे गोल कडांचे, मधे साफ आणि कडेला लाल असे चट्टे होते, जांघेतही होते. स्लाइडवर खरवडून केओएच (फंगस दिसावं म्हणून घालतात ते द्रावण) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, फंगस. आपल्याकडे गेली काही वर्षं गजकर्णाचा जो चिवट प्रकार पसरलाय, जो जुन्या औषधांना दाद देत नाही, तसंच काहीसं. त्यावर त्या तीन-चार औषधांच्या मलमातलं स्टिरॉइड पडल्यामुळे कडा पुसट झाल्या होत्या आणि ती त्यालाही एक्झिमाच समजत होती. शिवाय स्टिरॉइडने तिथली स्किन पातळ झालेली, बारीक रेघा पडायला लागलेल्या. आता विचार करा, टाका नेमका ह्याच घडीत येणार. चालू फंगस असलेल्या, पातळ झालेल्या स्किनमधून आत कायमची परकी वस्तू सरकवायची हे कुठलाही शहाणा सर्जन करणार नाही, पण त्यासाठी त्याने स्तन उचलून खाली बघायला तर हवं. तपासताना घाईत हे राहून जातं, आणि पेशंट स्वतःहून सांगत नाही.

इट्राकोनॅझोल, म्हणजे फंगसच्या गोळ्या, दिलं, जास्त दिवस दिलं, मलम वेगळं, आणि नवऱ्यालाही तपासलं, कारण टॉवेल एकच आणि कपडे एकाच बादलीत. त्यालाही होतं, दोघांना एकदम ट्रीट केलं. हे सगळं बरं व्हायला दोन-तीन महिने गेले. ती कंटाळली होती, "मॅडम सर्जरी करायला आले आणि गजकर्णाच्या गोळ्या खात बसलेय" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, आता गेलेले तीन महिने परवडले, नंतर इम्प्लांट काढायला लागलं तर ते नाही परवडायचं."

इथे एक्झिमाचा खरा मुद्दा सांगते, जो बऱ्याच जणींना कुणी समजावून सांगत नाही. इम्प्लांटवाल्या सर्जरीत स्किनवरच्या जंतूंना फार महत्त्व असतं. एक्झिमाच्या स्किनचं संरक्षक आवरण मुळातच गळकं असतं आणि त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू साध्या स्किनपेक्षा कितीतरी जास्त मुक्कामाला असतो, चट्ट्यावर तर असतोच पण दिसायला चांगल्या असलेल्या स्किनवरही असतो. साध्या ऑपरेशनमध्ये थोडे जंतू आत गेले तर शरीर निस्तरून घेतं. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर मात्र ते चिकट थर करून बसतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, तिथे ना अँटिबायोटिक नीट पोचत ना आपल्या पांढऱ्या पेशी. मोठं इन्फेक्शन झालं तर बहुतेकदा इम्प्लांट काढावं लागतं आणि काही महिने थांबावं लागतं. लहानसं, न कळणारं इन्फेक्शन राहिलं तर वेगळाच त्रास, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळत जातं, स्तन कडक होतो, कधी वेडावाकडा दिसतो, दुखतो. ह्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि त्याच्या बेकर नावाने चार पायऱ्या आहेत, तिसरी-चौथी म्हणजे पुन्हा टेबलावर. ह्याची कारणं अनेक असतात पण जंतूंचा हा थर हे त्यातलं महत्त्वाचं मानलं जातं. म्हणून एक्झिमा असलेल्या बाईला "नाही" म्हणायचं कारण नाही, पण भडकलेल्या एक्झिमात नक्की नाही. कोपर, मान, छाती सगळीकडे स्किन काही महिने सलग शांत हवी, आणि तीही स्टिरॉइडच्या गोळ्या-सुयांशिवाय शांत, कारण त्या जखम भरणं लांबवतात आणि इन्फेक्शनला दार उघडतात.

तिची स्किन शांत करायला फार भारी औषधं लागली नाहीत. रोज दोनदा जाडसर मॉइश्चरायझर, तेही आंघोळीनंतर अंग ओलं असतानाच, भडकलं तर ठरावीक दिवस स्टिरॉइड मलम आणि मग आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस, स्टिरॉइड नसलेलं मलम. काही जणी मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, टोफासिटिनिब किंवा बायोलॉजिक इंजेक्शन अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतात, त्यांनी ते स्वतःच्या मनाने बंदही करू नये आणि सर्जनपासून लपवूही नये. कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं, की थांबवायचंच नाही, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं आणि स्किनचा डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांनी मिळून ते ठरवायचं असतं.

मग अ‍ॅलर्जी. फॉर्मवर तिने "नाही" लिहिलं होतं. मी म्हटलं, "टिकली का नाही लावत तू?" तर म्हणाली, "खाज येते, गोल डाग पडतो, म्हणून ओलं कुंकू लावते." आणि जखमेवर काय लावतेस? "सोफ्रामायसिन, आमच्या घरात पहिल्यापासून तेच, पण हल्ली त्याने जास्तच लाल होतं." आणि कुठल्या गोळीने काही? "जुलाबाच्या गोळीने ओठाजवळ काळा डाग पडला होता, दुसऱ्यांदा घेतली तेव्हा तिथेच परत उठला." म्हणजे "नाही" लिहिलेल्या रकान्यात तीन गोष्टी निघाल्या! टिकलीच्या गोंदात एक रेझिन असतं त्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे काही नवीन नाही. सोफ्रामायसिनमधलं औषध आणि निओमायसिन ही सख्खी भावंडं, एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसऱ्याचीही बहुतेक असते, आणि निओमायसिन किती मलमांत-पावडरींत असतं ते डबे वाचले की कळतं. आणि ओठाजवळचा तो डाग म्हणजे फिक्स्ड ड्रग इरप्शन, ते औषध आयुष्यभर टाळायचं.

पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत वेगवेगळी रसायनं चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढून बघतात आणि परत दोन दिवसांनी बघतात. त्या दिवसांत पाठीवर पाणी नाही, घाम नाही, म्हणून उन्हाळ्यात करू नये. तिला निओमायसिन जोरात आलं आणि टिकलीच्या गोंदातलं ते रेझिनही आलं. पण स्टँडर्ड पॅच टेस्टमध्ये सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमधल्या वस्तू नसतात, म्हणून मी सर्जनच्या सिस्टरना फोन करून प्रत्यक्ष वापरतात ती टेप, पारदर्शक ड्रेसिंग, स्किन बंद करायला लावतात तो ग्लू आणि सिलिकॉन शीट मागवून घेतलं आणि हातावर छोटे तुकडे लावून बघितले. एका टेपने दोन दिवसांत चौकोनी लाल डाग उठला, ती बाद. ग्लूने काही झालं नाही, तरी मी नको म्हणून सांगितलं, कारण एक्झिमाच्या स्किनवर ग्लूची अ‍ॅलर्जी नव्याने तयार होऊ शकते आणि आठ-पंधरा दिवसांनी टाक्यावर जे लाल, पाणीदार, खाजणारं पुरळ येतं ते बघून सगळेच घाबरतात की इन्फेक्शन झालं, मग नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात. ओळखायची साधी खूण सांगते, अ‍ॅलर्जी खाजते आणि टेपच्या किंवा ग्लूच्या आकारात येते, इन्फेक्शन जास्त करून दुखतं, गरम लागतं, ताप येतो. पण घरी बसून निदान करू नका, फोटो पाठवा आणि जाऊन दाखवा.

सोरायसिस असता तर काय, हे खूप जणी विचारतात म्हणून थोडक्यात. सोरायसिसमध्ये स्किनला इजा झाली की त्या रेषेवर सोरायसिस उठू शकतो, हाइनरिश कोबनर ह्या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात हे पहिल्यांदा मांडलं, म्हणून कोबनर फेनॉमेनन. कोड आणि लायकेन प्लॅनसमध्येही होतं. म्हणजे रोग पसरत असताना टाके घेऊ नयेत, बराच काळ स्थिर असेल तर शक्यता कमी होते, शून्य नाही होत. काखेत, स्तनाखाली वारंवार पू होणाऱ्या गाठी येत असतील, हायड्रॅडेनायटिस, तर तो चालू असताना इम्प्लांटचा विचारही नको. आणि ल्युपस, स्क्लेरोडर्मासारखे ऑटोइम्यून आजार असतील तर हा पूर्ण वेगळा विषय आहे, अशा बायकांना इम्प्लांटच्या मूळ अभ्यासांत घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना "सेफ आहे" असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सगळे रिपोर्ट घेऊन ती तिसऱ्या सर्जनकडे गेली, मीही सोबत बसले. हे सर खूप निवांत बोलले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "करायचं का आहे?" ती म्हणाली, "सर, लहानपणापासून हात झाकून, मान झाकून फिरले, ते आता बरं आहे. हे एक राहिलंय." सरांनी मग पुढचं विचारलं, की समजा सर्जरी छान झाली आणि एक्झिमा तसाच राहिला तर? इम्प्लांटमुळे नक्की काय बदलेल असं वाटतं? कुणी आग्रह करतंय का? हे प्रश्न आवश्यक असतात, कारण ज्यांनी वर्षानुवर्षं स्किनमुळे नजरा झेलल्यात त्यांच्यात कधी कधी शरीराबद्दलचं सगळं दुःख एकाच जागी येऊन साठतं आणि ते सर्जरीने जात नाही. हिची उत्तरं स्पष्ट होती. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, साधा कॉटनचा कुर्ता पॅडशिवाय घालता यावा. नवरा मधेच म्हणाला, "सर, मला काहीच फरक पडत नाही, तिला हवंय म्हणून मी आहे."

मग इम्प्लांटबद्दल. सिलिकॉन इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं, म्हणजे तंत्र जुनं आहे, पण ही आयुष्यभराची वस्तू नाही, कधीतरी बदलावी किंवा काढावी लागू शकते हे सरांनी अगदी सुरुवातीला सांगितलं. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, जोडला गेलाय, बीआयए-एएलसीएल, त्याच कारणाने अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल इम्प्लांट्स २०१९ मध्ये जगभरातून परत बोलावली गेली. म्हणून हिला गुळगुळीत. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये इम्प्लांटवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि सर्जरीआधी पेशंटने एकेक मुद्दा वाचून सही करायची यादी सक्तीची केली, आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी सरांनी तशीच यादी मराठीत वाचून दाखवली.

त्यात मला जो मुद्दा हिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो असा. काही बायकांना इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, अंगावर पुरळ, केस गळणं असा त्रास होतो, ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस म्हणतात, त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही आणि त्यासाठी एखादी टेस्टही नाही, इम्प्लांट काढल्यावर काहींना बरं वाटतं. आता जिला आधीपासून एक्झिमा आहे तिला सर्जरीनंतर कधीतरी एक्झिमा येणारच, मग तो जुनाच की इम्प्लांटमुळे, हे कसं ठरवणार? म्हणून सर्जरीआधी आम्ही तिच्या सगळ्या अंगाचे फोटो तारखेसकट काढून ठेवले, कुठे येतो, कोणत्या महिन्यात येतो, कशाने जातो ते लिहून ठेवलं.

पर्यायही बोललो. स्वतःची चरबी काढून स्तनात भरणं, ह्यात परकी वस्तू नाही आणि व्रण मिलिमीटरचे, कीलॉइडवालीला हे बरं वाटतं. पण भरलेल्या चरबीतला बराच भाग शरीर शोषून घेतं, एका वेळी मर्यादितच भरता येते, आणि ती इतकी सडपातळ की काढायला चरबीच पुरेशी नव्हती. काहीच न करणं हाही पर्याय होता आणि तो आम्ही दोघांनीही नुसता म्हणायचा म्हणून म्हटला नव्हता. ती घरी गेली, महिनाभर विचार केला आणि करायचं ठरवलं. खर्च लाखांत, कॉस्मेटिक सर्जरी हेल्थ इन्शुरन्समध्ये बसत नाही, आणि पुढे इम्प्लांट बदलायला लागलं तर तेही खिशातूनच, हे धरून तिने हिशेब केला होता.

प्लॅन असा ठरला. आकार मागितला होता त्यापेक्षा लहान, कारण मोठं इम्प्लांट म्हणजे टाक्यावर ताण आणि ताण म्हणजे कीलॉइडला आमंत्रण. टाका स्तनाखालच्या घडीत पण बाहेरच्या बाजूला सरकवून. निपलच्या कडेने टाका नको, एकतर तिथे एक्झिमा होऊन गेला होता आणि दुधाच्या नळ्यांत जंतू असतात. सर्जरीच्या वेळी निपलवर पारदर्शक पट्टी लावून तो बंद करायचा. इम्प्लांट हाताने न सरकवता फनेलमधून सरकवायचं म्हणजे ते स्किनला लागतच नाही. आधीचे पाच दिवस नाकात म्युपिरोसिन, हे जंतू मारणारं मलम. अंगाला क्लोरहेक्सिडिन, हे जंतुनाशक, मात्र मी रोज नको म्हटलं, एक्झिमाची स्किन त्याने कोरडी पडून फुटते आणि मग ज्यासाठी लावलं त्याच्या उलटच होतं, म्हणून शेवटच्या दोन आंघोळींनाच, फक्त छाती-काखेला, आणि धुऊन लगेच मॉइश्चरायझर, सर्जरीच्या सकाळी मात्र काहीच लावायचं नाही. निओमायसिन कुठेही नको हे केसपेपरवर लाल पेनाने. आणि तारीख डिसेंबरची. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात चोवीस तास घट्ट सर्जिकल ब्रा, आत घाम, खाली ओला टाका, हे हिच्या स्किनला झेपलं नसतं. थंडीत एक्झिमा कोरडा पडतो पण तो मॉइश्चरायझरने आवरता येतो, घामाचं काही करता येत नाही. ब्राच्या आत रोज बदलायचं मऊ सुती कापड, जुनी धुतलेली साडी फाडून शिवलेलं, हे तिच्या आईचं काम. आईला तोवर सांगितलं होतं, त्या आधी रागावल्या, मग पुण्याला येऊन राहिल्या.

सर्जरी नीट झाली. तिसऱ्या आठवड्यापासून टाक्यावर सिलिकॉन जेल, शीट दिली नाही कारण घडीत शीटखाली घामोळं येतं. चौथ्या महिन्यात उजव्या टाक्याचं आतलं टोक गुलाबी, खाजरं आणि किंचित उंच व्हायला लागलं, सिझेरियनच्या टाक्याचंही उजवंच टोक बिघडलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी आली, हे मला फार आवडलं. ट्रायअ‍ॅमसिनोलोन ह्या स्टिरॉइडचं इंजेक्शन अगदी वरच्या थरात, थेंबाथेंबाने द्यावं लागलं, खाली इम्प्लांट आहे त्यामुळे सुई खोल जाता कामा नये, आणि असं इंजेक्शन सर्जनला कळवल्याशिवाय कुणाकडूनही घेऊ नये. दोन इंजेक्शनांनंतर टोक बसलं, खाज गेली. डावा टाका सपाट आहे.

मार्चमध्ये मानेवर एक्झिमा उठला आणि ती घाबरली, "मॅडम हे इम्प्लांटचं तर नाही ना?" जुने फोटो काढले, तीच जागा, तोच महिना, आठ दिवसांत नेहमीच्या मलमाने गेला. सांधेदुखी नाही, थकवा नाही, स्तनावर काही नाही. लिहून ठेवलं आणि पुढे गेलो. तिला सांगून ठेवलंय की एका बाजूचा स्तन अचानक फुगला, अगदी काही वर्षांनी का होईना, किंवा कडक झाला, वरची स्किन लाल झाली, निपलवर परत एकाच बाजूला चट्टा आला, तर एक्झिमाचं मलम लावून वाट बघायची नाही, तपासून घ्यायचं. इम्प्लांटचं कार्ड, त्यावरचा सिरीयल नंबर आणि कंपनी, ह्याचा फोटो तिच्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये आहे. पाच-सहा वर्षांनी आतून फाटलं नाही ना हे बघायला सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, आणि मॅमोग्राफीच्या वयात आली की टेक्निशियनला आधी सांगायचं, कारण इम्प्लांट असेल तर वेगळे व्ह्यू काढावे लागतात.

मागच्या व्हिजिटला तिने स्वतःहून दंडावरच्या बीसीजीच्या कीलॉइडचं विचारलं, इतकी वर्षं ते खाजत होतं आणि तिने कधी उपचार मागितला नव्हता. त्याचं पहिलं इंजेक्शन दिलंय, ते जुनं आणि कडक आहे त्यामुळे बरीच लागतील.